नुसतं दूध

आमच्या बेकरीत मीठ कधी कुणी मोजलं नाही. वडील होते तोवर ते अंदाजाने घालायचे, आणि ते गेल्यावर हे काम माझ्या धाकट्या भावाच्या जिभेकडे आलं. मळलेल्या पिठाचा चिमूटभर तुकडा तो तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "अजून अर्धा चमचा." किंवा, "आज पाणी वेगळं आहे." किंवा माझ्याकडे बघून, "ताई, मळताना कुणावर तरी चिडली होतीस." ही शुद्ध थाप. पण मी मळताना बहुतेक कुणावर तरी चिडलेली असतेच, त्यामुळे ती दर वेळी खरी निघायची. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव चाख्या पाडलं होतं, आणि पुढे घरातही तेच रुळलं.

एका सकाळी पहिल्याच खेपेचा पाव घेऊन एक बाई परत आल्या. पावात मीठच नव्हतं. मी आत जाऊन बघते तर हा पिठाच्या पोत्यावर बसलेला.

"चाखलं नाहीस?"

"चाखलं."

"मग?"

"काहीच लागलं नाही," तो म्हणाला.

मला वाटलं सर्दी असेल. सर्दी नव्हती. पुढच्या काही महिन्यांत त्याचं जेवण गेलं, झोप गेली, मित्र गेले, अंघोळ गेली. काय होतंय विचारलं की उत्तर तेच, काहीच नाही. डॉक्टरांनी त्याला डिप्रेशन म्हटलं, नातेवाइकांनी आळस. आमचे मामा उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. ते दर रविवारी येऊन सांगायचे, पोराला चार माणसांत मिसळू द्या, पहाटे पळायला पाठवा. एकदा मी त्यांना म्हटलं, मामा, तुम्हीच घेऊन जा ना पळायला. तेव्हापासून ते रविवारचे यायचे बंद झाले.

गोळ्या सुरू झाल्या. एक लागू पडेना म्हणून दुसरी, मग तिचा डोस वाढवला, मग तिसरी. तिसरीने एवढं झालं की तो उठून खाली यायला लागला आणि ओव्हनपाशी बसायला लागला. बसायचा फक्त. मी इलेक्ट्रिक काटा आणला आणि मीठ मोजून घालू लागले. पाव बरा व्हायचा. नुसता बरा, चांगला नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. आम्ही वेळेत पोहोचलो. यापेक्षा जास्त त्याबद्दल मी कुणाशीही बोलत नाही. त्यानंतर आईने आपलं अंथरूण त्याच्या खोलीच्या दारात आडवं टाकलं. बाहेर पडायचं तर तिला ओलांडूनच जावं लागे.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी एका नव्या औषधाच्या अभ्यासाची गोष्ट काढली ती यानंतर. एका जातीच्या मश्रूममध्ये एक द्रव्य असतं, माणसाला भलतंच काहीतरी दिसायला लावणारं. तेच द्रव्य प्रयोगशाळेत बनवून, गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांना एकदाच, डॉक्टरांच्या नजरेखाली देऊन बघायचं होतं.

"म्हणजे नशाच की," आई म्हणाली.

"लोक नशेसाठी घेतात तेच, मावशी," बाई म्हणाल्या. "पण इथे दिवसभर दोन माणसं शेजारी बसून असतात. आधी बोलणं, नंतर बोलणं. काहींना खूप फरक पडतो. काहींना नाही पडत. कुणाला पडेल ते आम्हाला पुरतं कळलेलं नाही, म्हणून तर अभ्यास."

मला बाई आवडल्या त्या इथे. आजवर भेटलेला प्रत्येक जण छातीठोक बोलायचा आणि तोंडघशी पडायचा.

आईला मात्र चैन पडेना. "आपण मश्रूम पॅटिस विकतो की एवढी," ती घरी येताना म्हणाली. "तीच देऊ त्याला."

चाख्याने बाईंना एकच प्रश्न विचारला होता. "आणि नाही चाललं तर?"

"तर दुसरं काहीतरी शोधू."

त्याने मान हलवली. पीठ बिघडलंय हे कळल्यावर, पण मळणाऱ्याचं मन मोडायचं नसलं की तो अशीच मान हलवायचा.

अट एक होती. चालू असलेल्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद करायच्या आणि नंतर काही दिवस अंग मोकळं ठेवायचं. त्या गोळ्या आत असल्या की नवं औषध नीट लागू पडत नाही, त्या जागा अडवून बसतात, असं बाईंनी समजावलं. रोज फोन करायला सांगितलं. फार जड जायला लागलं तर थांबू, असंही सांगितलं. उरलेल्या गोळ्या आई हॉस्पिटलात परत देऊन येणार होती, आणि ती देऊन आली असं मी धरून चालले.

गोळ्या सुटल्या आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसतो म्हणायचा. हात थरथरायचे. मी ट्रे ओव्हनमध्ये सरकवत असायचे आणि मागे पोत्यावर बसून हा रडत असायचा, आवाज न करता, बंद न होणाऱ्या नळासारखा. एकदा ट्रे उचलायला पुढे आला आणि सगळे बन जमिनीवर सांडले. ते गोळा करायला म्हणून बसला तो उठलाच नाही. मी रोज बाईंना फोन करायचे. त्या सगळं विचारून घ्यायच्या, त्याच्याशीही बोलायच्या. "थांबायचं का?" त्या त्याला विचारायच्या, आणि तो म्हणायचा, "चालू दे."

आईला ते बघवेना. "बंद कर हे," ती मला म्हणाली. "जरा कुठे उठून बसत होता माझा पोरगा. तेवढं तरी होतं."

"तेवढ्यावर समाधान मानायचं? पोत्यावर बसून राहण्यावर?"

"जिवंत होता ना!"

"आता मेलाय का?" मी ओरडले. आमच्या घरात शांतपणे बोलायची पद्धत नाही, आणि मला तर ती मुळीच जमत नाही. आईने फडकं उचललं. दुकानात जाऊन काउंटर पुसत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचं रडणं थांबलं. झटके गेले. हात स्थिर झाले. तो सकाळी खाली यायचा, आई पेला भरून गरम दूध द्यायची, तो ते सावकाश प्यायचा. मला कोण आनंद. "बघ," मी आईला म्हटलं, "निघाला ना त्यातून? उगाच घाबरवत होतीस." आई म्हणाली, "हो गं बाई," आणि पेला विसळायला घेऊन गेली. मी बाईंनाही फोनवर हेच सांगितलं, आणि त्यांनाही बरं वाटलं.

औषधाच्या दिवशी त्याला एका खोलीत नेलं. खोली हॉस्पिटलची वाटू नये म्हणून तिथे गालिचा टाकला होता, सोफा होता, कोपऱ्यात पिवळा दिवा. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. दोन माणसं त्याच्या दोन बाजूंना खुर्च्या घेऊन बसली आणि दार लागलं. आई आणि मी बाहेरच्या बाकावर. तिने त्याचा स्वेटर मांडीवर घेतला होता आणि त्यावरचे लोकरीचे बारीक गोळे काढत होती. सगळे गोळे संपले तरी बोटं चालूच होती. आत जाऊन आलेली माणसं सांगतात, की मेलेले वडील भेटले, की लहानपणचं रडू बाहेर आलं, की कुणीतरी छातीवरचा दगड उचलला. मी माझ्यापुरतं एवढंच मागत होते, की आपल्या चाख्याने बाहेर येऊन म्हणावं, ताई, भूक लागलीय.

संध्याकाळी दार उघडलं. तो स्वतःच्या पायांनी चालत आला.

"काय झालं आत?" मी विचारलं.

"थोडं गरगरलं. थोडे रंग दिसले." त्याने बूट चढवले. "मग छत बघत पडलो. छत चांगलं आहे. नुकतंच रंगवलंय बहुतेक."

मी हसले. तो हसला नव्हता.

आत बसलेल्यांपैकी एकाने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की पूर्ण मात्रा दिली होती, एवढा कमी परिणाम क्वचित दिसतो, पण परिणाम पुढच्या काही दिवसांतही जाणवू शकतो. धीर द्यायला बोलत होता बिचारा. आई खाली मान घालून स्वेटरची घडी घालत होती.

पुढचे दिवस चाख्या चांगला वागला. अंघोळ करून खाली यायचा. गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलायचा. एका सकाळी मला म्हणाला, "ताई, इकडे ये, तुला शिकवतो." पिठाचा तुकडा माझ्या जिभेवर ठेवला. "चावू नकोस. टाळूला लाव. मीठ आधी कडेला लागतं, मग मागे जातं. मागे गेलं नाही तर कमी आहे समज." इतकी वर्षं मी मागे लागले होते, तेव्हा या पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. आता समजावून सांगत होता, न चिडता, पुन्हा पुन्हा. नंतर आपला एप्रन धुऊन, घडी घालून माझ्या खुंटीला लावून ठेवला.

तो आवराआवर करत होता. मला ते कळलं. मी मागच्या अंगणात जाऊन बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, क्षणभरही एकटं सोडू नका, आजच घेऊन या. मी आत आले तर तो वर गेला होता. पाठोपाठ जिना चढून बघितलं. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"चाख्या, हॉस्पिटलात जायचंय. कपडे कर."

"येतो," तो म्हणाला. मग भिंतीलाच म्हणाला, "हे शेवटचं होतं ना, ताई?"

मी जिन्यातून आईला वर यायला हाक मारली, आणि ती येऊन दारात बसल्यावर ओव्हन बंद करायला खाली धावले.

ओव्हनशेजारच्या फळीवर त्याचा दुधाचा पेला तसाच भरलेला होता. साय धरलेला, गार. आमच्या घरात दूध टाकत नाहीत. घाई असो, आग लागलेली असो, उरलेलं दूध मी उभ्याउभ्या पिऊन टाकते. पेला तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला.

आधी साखर लागली, भरमसाट. तिच्यामागून कडू. जिभेच्या मागे जाऊन बसलेलं, जहरी कडू. मग जिभेचं टोक बधिर झालं. पेला तिरपा केला तर तळाशी पांढरा चुरा होता.

मी पेला घेऊन वर गेले. कशी गेले आठवत नाही. आई दारात अंथरुणावर बसली होती. मी पेला तिच्यापुढे धरला, तिने एकदाच बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"परत दिल्याच नाहीस," मी म्हटलं. "त्या गोळ्या."

"हळू बोल."

"परत दिल्या नाहीस! रोज घालत होतीस! त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा," आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात कापला नाही. "तू त्याला मारत होतीस, मी जगवत होते. बन गोळा करायला बसला होता तेव्हा तुला काय दिसलं मला माहीत नाही. मला माझा मुलगा पुन्हा जाताना दिसला."

"औषध लागू पडलं नाही ते यामुळे! तू तिथे बाकावर बसून गोळे काढत होतीस, सगळं माहीत असून!"

"मला कुठे पटलं होतं ते जागा अडवण्याचं? मला वाटलं, हे पण असू दे, ते पण असू दे. दोन औषधं एकापेक्षा बरी." मग ती एकदम खचली. "त्याला कळलं नाही गं. त्याला चव कुठे कळते आता."

"कळते," चाख्या म्हणाला.

तो उठून बसला होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"पहिल्याच दिवशी कळलं. साखर दुप्पट घातली होतीस, तरी."

"तू तर म्हणतोस काहीच लागत नाही!" मी म्हटलं.

"लागतं. सगळं लागतं, ताई. लागून त्याचं करायचं काय ते कळत नाही."

"मग प्यायलास कशाला?" मी असं किंचाळले की खाली दुकानात ऐकू गेलं असणार. "माहीत होतं तर प्यायलास कशाला? तुला बोलता येत नाही? थुंकता येत नाही?"

त्याने पाय पलंगावरून खाली सोडले. पायाच्या अंगठ्याने आईच्या अंथरुणाची कड सरळ करत बसला.

"ते एकच उरलं होतं," तो म्हणाला. "अंग मोकळं ठेवून घेतलं असतं, आणि तरी काही झालं नसतं, तर? मग काय राहिलं असतं? दूध प्यायलो म्हणजे मला म्हणता येणार होतं, की खरं औषध अजून घेतलंच नाही मी. ते अजून बाकी आहे. एवढं मनाशी धरून बसायचं, असं ठरवलं होतं."

"मग धरून बस ना!" मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं आणि त्याचाही राग येत होता. "एप्रन कसला घडी घालून ठेवतोस?"

"नाही धरता येत. मला वाटलं होतं पुरेल. नाही पुरत."

आई उठली. तिला त्याला हात लावायचा होता पण लावायची हिंमत होईना. "मला का नाही सांगितलंस रे? एकदा पेला फेकून मारायचास माझ्या अंगावर."

"तू देत होतीस," तो म्हणाला.

मग मला सुचलं ते विचारलं. "आज का नाही प्यायलास?"

त्याने माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत त्याने कुणाकडे असं बघितलं नव्हतं. त्याची हनुवटी लहानपणी लटलटायची तशी लटलटत होती.

"तू दूध टाकत नाहीस," तो म्हणाला. "फळीवर ठेवलं की तू पिणार, माहीत होतं मला."

मी जाऊन त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग दुसरा, आणि मग त्याला घट्ट धरून बसले. तिघंही हमसून हमसून रडलो. खाली पाव जळत होते. ओव्हन बंद करायला म्हणूनच गेले होते मी.

डॉक्टरीणबाईंना आईने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मावशी, गोळी दुसरी एखादी असती तर त्याला तिथेच फिट आली असती. तुम्हाला कल्पना आहे?" आईने नाही म्हणून मान हलवली. अभ्यासातून चाख्याचं नाव गेलं. ते जाणारच होतं. बाईंनी त्याला त्याच दिवशी वॉर्डात ठेवून घेतलं, गोळ्या पुन्हा उघडपणे सुरू केल्या, आणि आई रोज बाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागली.

घरी सोडायच्या दिवशी बाई म्हणाल्या, "नवा गट सुरू होतोय. मी तुमचं सगळं खरंखरं सांगून विचारेन. घेतील याची खात्री नाही. घेतलं तरी चालेल याची खात्री नाही. आणि गोळ्या पुन्हा बंद कराव्या लागतील. पहिल्यापासून."

"मला भीती वाटते," चाख्या म्हणाला. एवढ्या आजारात हे तो पहिल्यांदा बोलला.

"वाटणारच," बाई म्हणाल्या. "न वाटणाऱ्याची मला जास्त काळजी असते."

त्याला घेतलं. काही महिने गेले मध्ये, पण घेतलं. उरलेल्या गोळ्या या वेळी मी परत केल्या, आणि आई सोबत आली होती, तिच्याच सांगण्यावरून. आता तो पुन्हा पोत्यावर बसतो. मान वळवली की डोळे गच्च मिटतो. हात थरथरतात. काल दुपारभर रडला. मला पुन्हा बाईंना फोन करावासा वाटतो की पुरे हे, आणि फोन केला की त्या त्याला देतात, आणि तो म्हणतो, चालू दे. औषधाला अजून अवकाश आहे. या वेळी आत काहीच नसणार, बोट दाखवायला काहीच नसणार, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. मी मळते, आणि चिमूटभर पीठ टाळूला लावून मीठ मागे जाण्याची वाट बघते, आणि भीतीने मला काही लागतच नाही.

आज सकाळी आईने दूध आणलं. त्याच्यासमोर उभं राहून आधी स्वतः एक घोट घेतला, तो गिळेपर्यंत त्याला बघू दिलं, आणि मग पेला पुढे केला. त्याने घोट तोंडात धरला. डोळे मिटले. पूर्वी मिटायचा तसे, कणभर पिठासाठी.

"नुसतं दूध आहे," तो म्हणाला. "साखरसुद्धा नाही."

"अगं बाई, विसरलेच," म्हणत आई वळली. त्याने तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "असंच दे."

पेला एका हातात ठरेना, म्हणून दोन्ही हातांनी धरून तो सगळं दूध प्यायला.